लोहचुंबकाने औषध गाठीवर नेता येतं का?

प्रश्न: सर, माझ्या आईला लिव्हरमध्ये गाठ आहे, किमो चालू आहे, उलट्यांनी पार गळून गेलीय. नात्यातल्या एकांनी व्हिडिओ पाठवला की औषध बारीक चुंबकी कॅप्सूलमध्ये भरतात आणि बाहेरून लोहचुंबक धरून बरोब्बर गाठीवर नेऊन सोडतात. हे खरंय का, कुठे मिळेल? त्यांनीच चुंबकी पट्टा पोटाला बांधायला सांगितलाय, बांधू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी पट्ट्याचं सांगतो, घेऊ नका. आईंच्या सलाईनमधून जे औषध जातं त्यात चुंबक ओढेल असं काहीच नसतं, मग पट्टा ओढणार कशाला? आणि चुकून तो अंगावर ठेवूनच एमआरआयच्या खोलीत गेल्या तर धोका वेगळाच.

व्हिडिओतलं शास्त्र मात्र खरं आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्यात असतं त्याचेच, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळे घेतात, त्यावर उलटसुलट विद्युतभाराच्या पॉलिमरचे कांद्यासारखे पापुद्रे चढवतात, एखाद्या पापुद्र्यात मॅग्नेटाइटचे म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण घालतात आणि मग आतला गोळा विरघळवून टाकला की पोकळ कॅप्सूल उरते. मी लॅबमध्ये हे पाहिलंय, काचेच्या बाटलीत तपकिरी गढूळ पाणी, बाजूला चुंबक लावला की थोड्या वेळात पाणी नितळ होतं आणि सगळा तपकिरी थर त्या बाजूच्या काचेला येऊन चिकटतो, चुंबक काढून हलवलं की परत सगळं पसरतं. हे पसरणं फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण एवढे बारीक कण चुंबक दूर झाला की स्वतः चुंबक राहत नाहीत, नाहीतर रक्तात त्यांच्या गुठळ्या होऊन बारीक केशवाहिन्या तुंबल्या असत्या. गाठीपाशी पोचल्यावर उलटसुलट बदलणारं चुंबकी क्षेत्र लावलं की कण तापतात, भिंत सैल होते आणि औषध बाहेर येतं.

मग अडतंय कुठे? अंतरात. फ्रिजवरचा चुंबक बोटभर लांब धरून बघा, ओढ जवळपास संपते. लिव्हर बरगड्यांच्या आत आणि रक्त तर सारखं वाहतंय. १९९६ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी १४ रुग्णांवर असला प्रयोग छापला, कॅप्सूल नव्हती, चुंबकी द्रवाला एपिरुबिसिन हे किमोचं औषध जोडलं होतं, तर साधारण निम्म्या रुग्णांमध्येच ते गाठीपर्यंत नेता आलं. युरोपात २०१० मध्ये मेंदूच्या गाठीसाठी चुंबकी कणांच्या एका उपचाराला मान्यता मिळाली, पण त्यात कण थेट गाठीत टोचतात आणि तापवतात, औषध वाहून नेत नाहीत. म्हणून चुंबकी कॅप्सूल आज तुम्हाला कुठल्या हॉस्पिटलात मिळणार नाही आणि तिची वाट बघत किमो अजिबात थांबवू नका.

पण तुम्हाला जे हवंय, औषध थेट गाठीवर, ते लिव्हरमध्ये चुंबकाशिवायही करतात. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी लिव्हरच्या धमनीपर्यंत नेऊन औषध तिथेच सोडतात आणि गाठीचा रक्तपुरवठा अडवतात, त्याला टेस (TACE) म्हणतात. प्रत्येक गाठीला ते चालत नाही, गाठ लिव्हरचीच आहे की दुसरीकडून आलीय, लिव्हर किती चांगलं चालतंय यावर ठरतं, तेव्हा डॉक्टरांना हे नाव घेऊन स्पष्ट विचारा.

आणि उलट्या सोसत बसू नका, त्यावर वेगवेगळी औषधं आहेत, एक लागू पडलं नाही तर बदलतात. सलाईन कधी लावलं, किती तासांनी उलटी झाली, किती वेळा, पोटात पाणी तरी राहतंय का, हे वहीत लिहून किमोच्या पुढच्या सायकलच्या म्हणजे फेरीच्या आधी दाखवा, आणि पाणीही राहत नसेल तर सायकलची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.