घाटमाथ्यावरचा पाऊस आणि हाताशी ठेवायचा एक दिवस

आषाढ लागला की कोल्हापूर ते सावंतवाडी या पट्ट्यातील निवांत सहलीविषयी पत्रे येऊ लागतात. राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा आणि आंबोली ही नावे बहुतेक पत्रांत असतात आणि गोंधळही दरवर्षी तोच असतो. प्रत्येकाला वेगळे उत्तर पाठवण्यापेक्षा निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पावसात पहिल्यांदाच घाटमाथ्यावर जात आहोत. जून, जुलै की ऑगस्ट?

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जुलैत येतो. गणेशोत्सवाच्या तारखा मात्र आधी पाहून घ्या, कारण त्या दिवसांत कोकणात उतरणाऱ्या गाड्या फार आधी भरलेल्या असतात.

प्रश्न : छत्री घ्यावी की रेनकोट?

गावात छत्री आणि उघड्या माथ्यावर रेनकोट.

प्रश्न : आम्ही चौघे ठाण्याहून स्वतःच्या गाडीने निघणार आहोत. गुरुवारी राधानगरी, शुक्रवारी गगनबावडा, शनिवारी आंबोली आणि रविवारी रात्रीपर्यंत घरी, असा बेत आहे. सोमवारी कामावर हजर राहणे भाग आहे. रस्त्यावर थोडे पाणी आले तरी उंच गाडी सहज निघते असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?

नाही. या एका प्रश्नासाठी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या प्रकारचा बेत माझ्याकडे दर आठवड्याला येतो आणि तो वाचून मला मनापासून काळजी वाटते.

तुमच्या वेळापत्रकात एकही दिवस मोकळा नाही. पावसाळ्यात या भागातील रस्ते बंद पडणे हा अपवाद नसून नेहमीचा भाग आहे. कोल्हापूर-गगनबावडा मार्गावर मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी रस्त्यावर येते. करूळ घाटात दरड आली की वाहतूक भुईबावडा किंवा फोंडा घाटाने वळवावी लागते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानली जाते, पण गावागावांना जोडणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, म्हणजे ज्यांच्यावरून रस्ता जातो असे नदीतले ठेंगणे बांध, त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात, आणि मोबाइलचा नकाशा तोच बंधारा तुम्हाला जवळचा रस्ता म्हणून दाखवू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तर पुणे-बेंगळुरू महामार्गच कोल्हापूरजवळ बंद झाला होता. अशा वेळी ज्याच्याकडे एक दिवस शिल्लक असतो तो थांबतो. ज्याच्याकडे नसतो तो पाण्याकडे बघून अंदाज बांधू लागतो, आणि तेथेच घात होतो.

आता त्या उंच गाडीविषयी. फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडीची पकड सुटू लागते आणि दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की कडेचा भराव खचला आहे, हे गाडीच्या उंचीवरून कळत नाही. शिवाय पाणी किती वाढणार हे तुमच्या डोक्यावरच्या पावसावर ठरत नाही. ते वर, तुम्हाला न दिसणाऱ्या डोंगरात पडलेल्या पावसावर आणि धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी भोगावती नदीत येते. त्या वेळी खाली लख्ख ऊन पडलेले असू शकते.

काही वर्षांपूर्वी माझ्यासोबतच्या मंडळींना परतीची इतकी घाई होती की त्यांच्या आग्रहापुढे मी नमलो आणि आम्ही गगनबावड्याहून निघालो. रस्त्यावर पाणी होते, पण पोटरीच्या वर नसावे असे सर्वांचे मत पडले. तेथे एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर खोळ घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला अडवले नाही. हातातली काठी पाण्याच्या कडेला चिखलात रोवली आणि "चहा घ्या, मग बघा" एवढेच म्हणाले. चहा संपेपर्यंत काठी पाण्यात हातभर आत गेली होती. आम्ही मागे फिरलो आणि दोन रात्री तेथेच राहिलो. त्या दिवशी निर्णय मी घ्यायला हवा होता, तो त्या काठीने घेतला, याची खंत मला आजही आहे.

म्हणून तुमचा बेत असा बदला. गगनबावडा आणि आंबोली यांपैकी एकच ठिकाण ठेवा, तेथे किमान तीन रात्री राहा आणि शेवटचा दिवस पूर्ण मोकळा सोडा. सोमवारची रजा निघण्यापूर्वीच मंजूर करून घ्या. रोजचा प्रवास दुपारी चारच्या आत संपवा. निघण्याच्या सकाळी मुक्कामाच्या घरमालकांना फोन करा, एस.टी.च्या आगारात गाड्या सुरू आहेत का ते विचारा आणि शंका असल्यास १०७७ या क्रमांकावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाशी बोला. एस.टी. त्या मार्गावर बंद असेल तर तुमची गाडीही बंद असे समजा. मित्रांचा सल्ला ठाण्यात दिलेला आहे. पाणी मांडुकलीत असते.

प्रश्न : रेड अलर्ट नेहमीच देतात आणि काही होत नाही. तो किती गंभीरपणे घ्यावा?

पूर्णपणे. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. पिवळा इशारा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारीत राहायला आणि लाल इशारा कृती करायला. इशारा जिल्ह्यासाठी असतो, त्यामुळे तुमच्या अंगणात ऊन पडले म्हणून तो चुकला असे होत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. लाल इशारा असेल तर मुक्काम हलवू नका. अपवाद एकच: तुमचे घर तीव्र उताराच्या पायथ्याशी असेल आणि उतारावर नव्या भेगा, कललेले खांब किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला, तर ताबडतोब गावातल्या लोकांना सांगा आणि तेथून बाहेर पडा.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात. आंबोलीत जळवा असतात म्हणे. नेऊ का?

हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे, माझा नाही. जळू एरवी निरुपद्रवी असते, पण तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांचे रक्त अधिक वेळ वाहू शकते. ती ओढून काढू नये. नखाने तोंडाकडून हळूच सरकवावी. मला खरी चिंता चिखलाच्या पाण्याची आहे. पायाला कापलेले किंवा भेगा असताना शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराचा धोका असतो. परतल्यावर काही दिवसांनी ताप आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना सुरू झाल्या, तर कोठे फिरून आलात हे सांगून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "आधीच एक गोळी घेऊन ठेवा" असे दुकानदार सांगतात, ते ऐकू नका. प्रतिबंधक औषध द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : एका हॉटेलने 'दरीचे दृश्य' दिसणाऱ्या खोलीसाठी दीडपट भाडे सांगितले आहे आणि पैसे परत मिळणार नाहीत असेही म्हटले आहे. घ्यावी का?

घेऊ नका. जुलैत त्या खिडकीतून पांढऱ्या धुक्याखेरीज काहीही दिसत नाही, हे भाडे सांगणाऱ्याला ठाऊक असते. त्याहून गंभीर बाब पैसे परत न देण्याच्या अटीची आहे, कारण तीच लोकांना इशारा असतानाही घराबाहेर काढते. घाट बंद असल्यास तारीख पुढे ढकलता येईल, असे लेखी मागा. दीडपट भाड्यापेक्षा छप्पर गळत नाही ना, वीज गेल्यावर पाण्याची सोय काय आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, हे विचारा.

प्रश्न : रात्री बेडूक दाखवण्याची फेरी घ्यावी का?

वाटाड्या बेडूक हातात घेत नसेल तर अवश्य घ्या. बेडकाची त्वचा ओलावा आणि हवा शोषते. तुमच्या हाताला लावलेले डास पळवण्याचे मलम त्याला घातक ठरू शकते. फोटोसाठी फांदीवर बेडूक आणून बसवणारे लोक वाढले आहेत आणि याचा मला संताप येतो. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घाला आणि फांदीला हात लावू नका, कारण मलबार चापडा हा विषारी साप फांदीवर निश्चल बसतो आणि आपल्याकडे सर्रास मिळणारी प्रतिसर्पविषाची लस त्याच्या विषासाठी बनवलेली नाही. चावल्यास गावठी उपचारात वेळ न दवडता १०८ ला फोन करा.

प्रश्न : रेल्वेने सावंतवाडीला उतरून पुढे जाता येईल का?

होय, आणि मी तेच सुचवेन. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो, म्हणून वेळ अधिकृत ठिकाणीच तपासा.

प्रश्न : पावसामुळे दोन दिवस घरातच बसावे लागले तर पैसे वाया गेले असे नाही का?

तुम्ही कशासाठी निघाला आहात यावर ते अवलंबून आहे. आंबोलीजवळच्या एका कौलारू घरात मी असे तीन दिवस काढले आहेत. पागोळ्यांची धार दिवसभर तुटत नव्हती, धुके पडवीतून माजघरापर्यंत येत होते आणि चुलीवर बांधलेल्या दोरीवर सगळ्यांचे कपडे धुराचा वास घेत वाळत होते. दुपारी कुळथाचे पिठले आणि गरम भात होता. पाऊस जरा उघडला की समोरच्या खाचरात इरली पाठीवर घेतलेल्या बायका ओळीने रोपे लावताना दिसत आणि सर आली की पुन्हा नाहीशा होत. संध्याकाळी घरमालकीण टाकळ्याची भाजी करायची. रानभाजी अशीच, जाणत्या माणसाने खुडलेली खावी. बांधावर उगवलेली अळंबी स्वतः तोडून आणू नये आणि आणलीच तर घरमालकिणीला दाखवल्याशिवाय शिजवू नये.