वायोमिंगच्या डोंगरात गाइडसोबत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचंय, न्यू जर्सीत राहतो. तयारी कशी करू?

वाइल्डरनेस भागात, म्हणजे सरकारने राखून ठेवलेल्या रानात, परराज्यातल्या शिकाऱ्याला परवानाधारक गाइड किंवा रीतसर परवानगी घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत लागतोच. पण चढण तुम्हालाच चढायची आहे. तीन महिने आधीपासून पाठीवर 15 किलो घेऊन जिने चढा आणि दोन दिवस आधी पोहोचा. 9-10 हजार फुटांवर पहिल्या रात्री डोकं धरतं, झोप लागत नाही.

शिकार हुकते ती बहुतेक वेळा वाऱ्यामुळे. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. म्हणून सकाळी खालून वर जा, दुपारी वरून खाली या. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, सारखी चिमूटभर उडवून बघा. माणसाचा वास लागला की कळप दरी ओलांडूनच थांबतो.

जनावर पडल्यावर खरी घाई. जाड कातड्याखाली ऊब कोंडते आणि मांडीच्या सांध्यापाशी मांस आंबतं, अगदी थंडीतही. लगेच कातडं सोला, मांस हाडापासून सोडवा, कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगा. मोठ्या नराचं मांस 90 किलोच्या आसपास भरतं. घोडे नसतील तर तीन-चार खेपा धरा.

वायव्य भागात ग्रिझली अस्वलं आहेत. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) सॅकमध्ये नको, कमरेच्या पट्ट्याला हवा.