कोल्हापुरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेल्यांना संस्था नेमकी कशी मदत करतात?

सगळ्यात जास्त गरज दिसते ती सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात. चंदगड, गगनबावड्याकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक आठ-आठ दिवस तिथंच पथारी टाकून असतात. उपचार स्वस्तात होतात, पण बाहेरचं जेवण परवडत नाही. अशांना संस्था डबे, आमटी-भात पोचवतात. लग्नकार्यात उरलेलं अन्नही गोळा करतात; फक्त फोन पंगत उठल्या उठल्या करा. उन्हाळ्यात भात काही तासांत आंबतो, मग कार्यकर्ते तो नेत नाहीत, आणि बरोबरच आहे. १० रुपयांची शिवभोजन थाळी ही सरकारी योजना, २०२० पासूनची. रेशनच्या प्राधान्य कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. कार्डच नसलेल्याची कागदपत्रं करून देणारी संस्था मला तरी डब्यापेक्षा मोलाची वाटते.