वाचकांचे प्रश्न : ढेकूण घरात येतात कुठून?

प्रश्न : मुलगी पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीला आली. नंतर महिन्याभरात दिवाणात ढेकूण दिसू लागले. आमचं घर रोज झाडून-पुसून लख्ख असतं. मग ढेकूण झाले कसे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ढेकूण घरात होत नाहीत, ते आणले जातात. ढेकणाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. उवेसारखा तो अंगावरही राहत नाही. पाच-दहा मिनिटं रक्त पिऊन फटीत परततो, आणि ती फट बॅगेच्या शिवणीची असली तर बॅगेसोबत प्रवास करतो. जुना सोफा, वापरलेली गादी, शेजारच्या घरातून वायरिंगच्या नळीतून येणारी वाट, हेही त्याचे नेहमीचे मार्ग. केरकचऱ्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका आणि शेजाऱ्यांपासून लपवूही नका.

पुढच्या सुट्टीत सामान पलंगावर ठेवू नका. बाथरूमच्या फिक्या फरशीवर उघडा, म्हणजे हलणारं काही लगेच दिसेल. कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाणी आणि साबण पुरेसे नाहीत. पुस्तकं, चपला पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवता येतात. रिकाम्या बॅगेची चेन, शिवणी आणि चाकांच्या खोबणी बॅटरीच्या उजेडात पाहा.

जाड गादी उन्हात टाकून काम भागत नाही. वरची बाजू तापली की ढेकूण खालच्या सावलीत सरकतात.

प्रश्न : पेस्ट कंट्रोल करून घेतलं. आठ दिवस शांतता होती, आता बारीक ढेकूण फिरताहेत. औषध बनावट होतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. ती अंड्यांतून निघालेली पिल्लं आहेत. अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, पांढरं, फटीत चिकटवलेलं. बहुतेक फवाऱ्यांना ते दाद देत नाही. आपल्याकडच्या उष्म्यात साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतं. म्हणून दुसरी फवारणी 10 ते 14 दिवसांनी हवीच, आणि ती ठरवतानाच दरात धरून घ्या. पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठं होतं, प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्त लागतं. ते अंडी घालण्याच्या वयाचं होण्याआधी दुसरा वार बसला पाहिजे. दोन्ही फवारण्यांनंतरही मोठे ढेकूण दिसत राहिले, तर औषधाचा प्रकार बदलायला सांगा. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना अनेक ठिकाणचे ढेकूण सरावले आहेत.

फवारणीआधी दिवाण पूर्ण मोकळा करा. स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, प्लायचे सांधे, गादीची गोट, भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू तपासा. काळा ठिपका ओल्या कापसाने पुसल्यावर तांबूस-तपकिरी पसरला, तर ती ढेकणाची विष्ठा. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. प्लाय मात्र पाण्याने फुगतो. तिथे वाफेच्या यंत्राचं तोंड फटीवरून अगदी सावकाश फिरवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुसऱ्या खोलीत झोपायला जाणं. भुकेले ढेकूण मागोमाग येतात, नाहीतर गादीसोबत तुम्हीच त्यांना नेता. रिकाम्या खोलीत ते उपाशी मरतील म्हणावं, तर मोठा ढेकूण रक्ताशिवाय कित्येक आठवडे, थंडीत काही महिनेही तग धरतो. तिथेच झोपा. पलंग भिंतीपासून वीतभर दूर घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. नुसती कोरडी गुळगुळीत वाटी चालणार नाही: उष्ण प्रदेशातल्या आपल्या ढेकणांची जात तिच्यावर चढून जाते.

प्रश्न : धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत ठेवून दार बंद केलं तर?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मुळीच नको. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, वायरिंगच्या नळीतून शेजारच्या घरातही जातो. अशा प्रकारांत झोपलेली माणसं, लहान मुलं दगावली आहेत. त्यावर उतारा देणारं औषध नाही. घरात गोळ्या ठेवल्या असतील आणि कुणाला मळमळ, उलट्या किंवा धाप लागली, तर सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्या, शेजाऱ्यांनाही बाहेर काढा आणि थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना गोळ्यांचं आधी सांगा.