आजोबांचा शेफील्डचा चाकू

प्रश्न : आजोबांचा रॉजर्सचा घडीचा चाकू माझ्याकडे आहे. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस उमटवलेला आहे. पाते दोन्ही बाजूंना हलते, उघडताना पूर्वीसारखा ‘कट्’ आवाज येत नाही आणि सांबरशिंगाची मूठ एका बाजूला तडकली आहे. ग्राइंडरवर चकचकीत करून नवी मूठ बसवून देतो, असे एक कारागीर म्हणतो. त्याच्याकडे द्यावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : ग्राइंडरवर मुळीच देऊ नये. चांदणी आणि क्रॉस हे इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील चाकू बनवणाऱ्या जोसेफ रॉजर्स यांचे १७६४ पासूनचे चिन्ह असून ते पोलादावर फार खोल नसते. चाकाखाली दोन फेऱ्यांत ते पुसले जाईल. शिवाय पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते, आणि मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही.

प्रथम चाकू उघडून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवावा, मात्र मूठ वर राहील असे पाहावे. सांध्यात साठलेला मळ आणि सुकलेले तेल निघाले की बऱ्याचदा तो ‘कट्’ आवाज आपोआप परत येतो. तरीही पाते हललेच, तर दोष पाते ज्यावर फिरते त्या खिळ्याचा असतो. मेकॅनिककडच्या फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पोलादी पानांच्या जुडग्याचे) ०.०५ मिमीचे पान पाते आणि मुठीच्या आतला पितळी पत्रा यांच्यामध्ये सरकवावे, चाकू ऐरणीवर आडवा ठेवावा आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीने खिळ्याच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलके ठोके द्यावेत. दर तीन-चार ठोक्यांनंतर पाते उघडून मिटून पाहावे. शेवटी पान ओढून काढले की तेवढीच फट उरते आणि पाते अडकत नाही. इथे घाई केली तर खिळा काढून नवा बसवण्याची वेळ येते.

पाते ताणून धरणारी, मुठीच्या पाठीची स्प्रिंगच तुटली असेल, तर ती वेल्डिंगने जोडू नये. त्या उष्णतेने तिची लवचीकता जाते आणि जोडाशेजारीच ती पुन्हा तुटते. जुन्या स्प्रिंगच्या मापाने स्प्रिंग-पोलादाची नवी कापावी, भोके आधी पाडावीत, मग लाल तापवून तेलात बुडवावी आणि घासून स्वच्छ करून निळी होईपर्यंत पुन्हा सावकाश तापवावी.

मूठ मात्र बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शेफील्डच्या कारखान्यांत सांबरशिंग मुख्यतः भारतातून जात असे. आज वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे त्याची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून आपल्या हातातील तुकडा पुन्हा मिळणारा नाही. तड स्वच्छ करून तिच्यात पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा चिकट पदार्थ) भरावे आणि दोऱ्याने दिवसभर बांधून ठेवावे.

पात्यावरचा तांबडा गंज शिवणयंत्राचे तेल आणि बारीक स्टील वूल यांनी काढावा. करडी-काळी छटा राहू द्यावी, ती गंज नव्हे.