पोथीच्या शेवटचा शक कोणाचा?

प्रश्न : घरी ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी आहे. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या. शेवटी 'शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं' असे स्वच्छ वाचता येते. पोथी तेव्हाची धरायची का? काही अक्षरांवरचे पिवळे डाग कसे काढावेत? पावसात मधली पाने चिकटली आहेत, त्याचे काय?
(नौपाडा, ठाणे)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. ती ओवी एकनाथांची आहे. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी प्रत शुद्ध केली, आणि पुढे त्या पाठावरून नक्कल करणाऱ्याने मूळ मजकुराबरोबर ही ओवीही उतरवली. ज्ञानेश्वरी रचल्याचा शक सांगणारी 'शके बाराशतें बारोत्तरें' ही ओवी पोथीत असली, म्हणून कोणी ती १२९० सालची मानत नाही, तसेच हे. लेखनिकाची स्वतःची नोंद सगळ्या ओव्या संपल्यावर शोधा. तिथे शक, संवत्सर, महिना, तिथी, वार, कधी गाव आणि 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा' (जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले) हा श्लोक असतो. शक सापडला तर त्यात ७८ मिळवा (पौषापासून पुढची तिथी असेल तर बहुधा ७९) आणि संवत्सराचे नाव त्या शकाशी जुळते का, ते पंचांगावरून पडताळा. जुळले नाही तर आकडा वाचण्यात चूक झाली असण्याचा संभव मोठा. नोंदच नसेल तर कागद आणि अक्षरवळण जाणकाराला दाखवा.

पिवळे डाग काढू नका. तो हरताळ, म्हणजे एक पिवळे खनिज आहे. चुकलेले अक्षर त्याने झाकून वर दुरुस्ती लिहीत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तिथलाच. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष असते. पोथी हाताळल्यावर हात धुवा, पान उलटताना बोट जिभेला लावू नका.

पाने चिकटतात ती शाईतल्या डिंकामुळे. दमट हवेत तो ओला होतो. आत्ता ओढाल तर अक्षर समोरच्या पानावर जाईल. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, पोथी सावलीत सपाट ठेवा आणि कडेकडून बांबूची पातळ, गुळगुळीत पट्टी सरकवून पाहा. सुटत नसेल तर थांबा. पुढचे काम संवर्धकाचे. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. सुती रुमालात घट्ट बांधा. सैल बांधणीत पाने वाकतात, कसर ही कागद खाणारी कीडही शिरते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळा.

प्रश्न : काजळीची शाई केली, पण सुकल्यावरही बोटाला काळे लागते.
(नेरूळ)

उत्तर : डिंक कमी पडला. पश्चिम भारतातल्या एका जुन्या कृतीत काजळीइतका हिराबोळ (एका झाडाचा सुगंधी चीक) आणि दुप्पट डिंक सांगितला आहे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. काजळी आधी या घट्ट डिंकातच घोटा, पाणी मागाहून थेंबाथेंबाने घाला. काजळी तेलकट असते, थेट पाण्यात टाकली तर तरंगत राहते. डिंक फार झाला तर शाई बोरूवरून उतरत नाही आणि सुकल्यावर तिचे पोपडे निघतात.