इंटरनेटचं ‘शासन’ की इंटरनेटचा ‘कारभार’?

प्रश्न असा आहे: “‘युद्ध आणि बदलाच्या काळातलं युरोपातलं इंटरनेट गव्हर्नन्स’ या विषयावर मराठीत लेख लिहिते आहे. गव्हर्नन्सला शासन, प्रशासन, सुशासन असे शब्द सुचवले जातात. यांतला कुठला घ्यावा? नियमन किंवा नियंत्रण म्हटलं तर चालेल का?”

माझं उत्तर ‘कारभार’. आणि तोही ‘इंटरनेट कारभार’ असा चिकटवून नको, सरळ ‘इंटरनेटचा कारभार’. बाकीचे शब्दही तुमच्या लेखात लागतील, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

‘शासन’ आधी बाजूला ठेवू. महाराष्ट्रात शासन म्हटलं की डोळ्यांसमोर मंत्रालय येतं, शासन निर्णय येतो, ‘शासनमान्य’ असा शिक्का येतो. आपल्याकडे शासन हे कामाचं नाव राहिलेलंच नाही, ते सरकारचंच दुसरं नाव झालंय. त्यात ‘ई-गव्हर्नन्स’चं आपण ‘ई-शासन’ करून बसलोय. ते म्हणजे सरकारचं काम इंटरनेटवरून. तुम्हाला म्हणायचंय ते नेमकं उलटं: इंटरनेटचं स्वतःचं काम कसं चालतं, नावं आणि क्रमांक कोण वाटतं, वाद झाला तर कोण निवाडा करतं. ‘इंटरनेट शासन’ असा मथळा दिलात तर निम्मे वाचक सातबारा ऑनलाइन कसा काढायचा हे वाचायला येतील.

पण शासनाचा खरा घोटाळा त्याच्या दुसऱ्या अर्थात आहे. ‘त्याला चांगलं शासन झालं पाहिजे’ असं आजी म्हणायची, तेव्हा तिला शिक्षा म्हणायचं असायचं. संस्कृतातल्या ‘शास्’ धातूतच हुकूम देणं, शिकवणं आणि शिक्षा करणं हे सगळं एकत्र नांदतं. युरोपातल्या ताज्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला वाद नेमका याच फटीत पडतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

रशियानं २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केलं. चारच दिवसांनी, २८ तारखेला, युक्रेनचे तेव्हाचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव यांच्या नावानं आयकॅनला पत्र गेलं. आयकॅन म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची वरच्या पातळीवरची व्यवस्था पाहणारी, कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था. पत्रातल्या मागण्या साध्या नव्हत्या. रशियन पत्त्यांच्या शेवटी येणारं डॉट आरयू, त्याचं सिरिलिक (म्हणजे रशियन) लिपीतलं भावंड आणि सोव्हिएत काळापासून उरलेलं डॉट एसयू ही तिन्ही नावं कायमची किंवा तात्पुरती काढून घ्या. त्यांवरच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रं रद्द व्हावीत म्हणून मदत करा. आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्गमधले रूट सर्व्हर, म्हणजे पत्ता शोधताना सुरुवातीची वाट दाखवणारी यंत्रं, बंद करा. शिवाय युरोपात आयपी क्रमांक वाटणाऱ्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसीला वेगळी विनंती होती की रशियन सदस्यांचे क्रमांक काढून घ्यावेत.

आयकॅनचे तेव्हाचे प्रमुख, स्वीडनचे योरान मार्बी, यांचं उत्तर २ मार्चला आलं. नकार होता. सहानुभूती पुरेपूर व्यक्त करून त्यांनी म्हटलं, त्याचा आशय असा: चिथावणी कितीही मोठी असो, कुणाला दंड करणं, निर्बंध लादणं, इंटरनेटचा एखादा भाग तोडणं हे आमच्या कामात बसत नाही, इंटरनेट चालू राहावं म्हणून आम्ही आहोत, ते बंद पाडण्यासाठी नाही. राइप एनसीसीनंही तोच सूर लावला की संपर्काच्या साधनांना राजकीय भांडणांची आणि युद्धांची झळ लागू नये.

आता हे उत्तर ‘शासन’ घेऊन मराठीत आणून बघा. ‘इंटरनेटचं शासन करणारी संस्था म्हणते, शासन करणं आमचं काम नाही.’ वाचक डोकं खाजवील. त्याऐवजी ‘इंटरनेटचा कारभार पाहणारी संस्था म्हणते, कुणाला शासन करणं आमचं काम नाही’ असं म्हटलं की वाक्य एकदम उभं राहतं, आणि ‘शासन’ या शब्दालाही त्याचं हक्काचं घर मिळतं. मी या वाक्यापाशी थांबलो आणि ‘कारभार’वर शिक्का मारला.

कारभार या शब्दाची आणखी एक खुबी आहे. कारभारी मालक नसतो. देवस्थानाचा, वाड्याचा, संस्थानाचा कारभारी सगळं पाहतो, किल्ल्या त्याच्या कमरेला असतात, पण मिळकत त्याची नसते. (घरात नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणणाऱ्या बायकांना हे आपल्या सगळ्यांच्या आधी कळलेलं असावं.) इंटरनेटच्या जुन्या जाणत्यांची भूमिका अगदी हीच होती. इंटरनेटच्या नावा-क्रमांकांची नोंद ठेवणारे जॉन पोस्टेल यांनी १९९४ च्या मार्चमध्ये, आरएफसी (इंटरनेटच्या कामकाजाची जाहीर टिपणं) मालिकेतल्या १५९१ क्रमांकाच्या टिपणात, देशांच्या नावांची व्यवस्था कशी चालावी ते लिहून ठेवलं. ज्याच्याकडे नाव सोपवलंय तो विश्वस्त आहे, त्याच्याबाबतीत हक्क आणि मालकीची भाषा गैरलागू आहे, असं ते म्हणतात. आणि कुठला देश आहे नि कुठला नाही हे ठरवणं आमचा धंदा नाही, आम्ही आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या संकेताक्षरांची ३१६६ क्रमांकाची यादी वापरतो, असंही.

कारभारी पुढे धनी होऊन बसतो ही भीती मात्र मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको, साताऱ्याची गादी आणि पुण्याचा शनिवारवाडा आपल्याला पाठ आहे. आयकॅनबद्दलही जगाला हीच शंका होती, कारण तिच्या डोक्यावर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती. ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. ती नसती संपली तर फेदोरोव यांच्या पत्राला कुणी आणि काय उत्तर दिलं असतं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

नियमन आणि नियंत्रणाबद्दल तुम्ही विचारलंय. दोन्ही चालतील, पण गव्हर्नन्ससाठी नव्हे.

नियमन तिथे, जिथे कायदा करण्याचा अधिकार असलेलं कुणी तरी कंपन्यांना नियम घालून देतं. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा हे चोख नियमन. तो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. आरटी आणि स्पुटनिक या रशियन माध्यमांचं प्रसारण संघानं मार्च २०२२ मध्ये रोखलं, ते नियमनही नाही. त्याला ‘निर्बंध’ किंवा सरळ ‘बंदी’ म्हणा. पण बघा, त्याच मार्चच्या पहिल्या दोन तारखा: आयकॅन म्हणते तोडणार नाही, आणि ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, म्हणतं दाखवू देणार नाही. एकाच शब्दानं दोन्ही गोष्टी सांगायला गेलात तर लेखातला विरोधच पुसला जाईल.

नियंत्रणासाठी माझ्या मनात खेरसोन येतं. युक्रेनच्या दक्षिणेतलं हे शहर मार्च २०२२ मध्ये रशियन फौजांच्या हाती गेलं. त्यानंतर मे महिन्यात तिथल्या इंटरनेट पुरवठादारांची डेटा-वाहतूक रशियाच्या ताब्यातल्या क्रायमियामार्गे रशियन जाळ्यात वळवली गेली. म्हणजे माणूस खेरसोनमध्ये, फोन तोच, पण त्याचा प्रत्येक संदेश रशियाच्या चाळणीतून जाणार. याला नियंत्रण म्हणा, किंवा त्याहून नेमका आपला ‘ताबा’ वापरा. शहर ताब्यात, तसं जाळंही ताब्यात. नोव्हेंबरमध्ये शहर सुटलं. पत्ते तेच, नावं तीच, आयकॅन आणि राइप दोघांनी काहीही बदललेलं नाही, तरी इंटरनेट कुणाच्या तरी मुठीत गेलं होतं. कारभार आणि ताबा यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

मूळ शब्दाची व्युत्पत्ती हवी असेल तर ती गमतीची आहे. ग्रीकमध्ये ‘कुबेर्नान’ म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणं. लॅटिननं त्याचं ‘गुबेर्नारे’ केलं, त्यातून गव्हर्न आणि गव्हर्नन्स. त्याच ग्रीक मुळातून गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये नियंत्रण आणि संदेशवहनाच्या शास्त्रासाठी सायबरनेटिक्स हा शब्द रूढ केला, म्हणजे ‘सायबर’ आणि ‘गव्हर्नन्स’ सख्खी भावंडं. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूसुद्धा, म्हणून सुकाणू धरणारा तो कर्णधार. खुद्द सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आपल्या किनाऱ्याला लागलेलं. तेव्हा व्युत्पत्तीनं जायचं तर ‘इंटरनेटचं सुकाणू’ हाच इमानी अनुवाद. ‘सुकाणू समिती’ आपण म्हणतोच. पण सुकाणू एकाच्या हातात असतं आणि इंटरनेटला तसा कुणी एक तांडेल नाही, म्हणून तो मोह मी टाळला. जर्मन लोक तर सरळ ‘इंटरनेट-गव्हर्नन्स’ म्हणतात. तुम्हीही तसं लिहिलंत तरी आभाळ कोसळणार नाही, पण विचारलंय म्हणून सांगतो.

तांडेल नाही, मग आहे कोण? ट्युनिसच्या २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत गव्हर्नन्सची जी व्याख्या झाली तिच्यात सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज अशी तिघांची नावं एका ओळीत आहेत. याला ‘मल्टिस्टेकहोल्डर’ म्हणतात, आणि तुमच्या लेखात हा शब्द येणारच. त्याचं कृपा करून ‘बहुभागधारक’ करू नका. भागधारक म्हणजे शेअर असलेला. एका अहवालाच्या अनुवादात मी स्वतः ‘सर्व भागधारक शेतकरी’ असं लिहून बसलो होतो, आणि बैठकीत एका काकांनी विचारलं, “मग लाभांश कधी?” तेव्हापासून मी ‘संबंधित’ किंवा फार तर ‘हितसंबंधी’ लिहितो.

खरं तर आपल्याकडे याला तयार शब्द आहे: बारभाई. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यावर राघोबादादांना बाजूला सारून नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी पाळण्यातल्या सवाई माधवरावांच्या नावानं राज्य चालवलं, ते बारभाईंचं कारस्थान. पुढे म्हणीनं त्यांची पार बेअब्रू केली: बारभाईंची शेती, काय लागेल हाती. इंटरनेटच्या बारभाईंवरही टीका हीच होते की निर्णय लागत नाही, नुसती संमेलनं होतात. मथळ्यात घालू नका, कुणी तरी रागावेल. पण आत एखाद्या वाक्यात ‘बारभाई कारभार’ चपखल बसेल.

राहिला ‘बदल’. तुमच्या मसुद्यात बहुधा ‘संक्रमणकाळ’ आला असेल. करोनानंतर हा शब्द वाचताना हात धुवावेसे वाटतात, तेव्हा ‘स्थित्यंतर’ घ्या, नाही तर ‘बदल’ काय वाईट आहे? आणि ‘संघर्ष’ असं मोघम न लिहिता जिथे युद्ध आहे तिथे युद्ध लिहा. संघर्ष ब्रेक्झिटलाही (ब्रिटननं युरोपीय संघ सोडला, त्यालाही) म्हणता येईल, आणि तिथे तर फक्त नावं गेली: १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या धारकांची संघाच्या डॉट ईयूवरची सुमारे ८० हजार नावं निलंबित झाली, कारण ते धारक आता संघाचे रहिवासी उरले नव्हते. गोळी एकही सुटली नाही.

देश मेला की त्याचं नावही जातं, पण दरवेळी नाही. युगोस्लाव्हिया फुटला, सर्बियाला डॉट आरएस आणि माँटेनिग्रोला डॉट एमई मिळालं, आणि डॉट वाययू ३० मार्च २०१० रोजी पुसलं गेलं. सोव्हिएत संघाचं डॉट एसयू १९९० मध्ये नोंदलं गेलं, पुढच्याच वर्षी संघ विसर्जित झाला. नाव मात्र राहिलं, आणि ३० वर्षांनी फेदोरोव यांच्या यादीत सापडलं. अशा नावाला ‘मृत देशाचं नाव’ म्हणावं की ‘वारसा नाव’, हे मला अजून नीट सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा.